हाताने रंगवलेलं छापील पान

प्रश्न : आमच्या घरी एका जुन्या फ्रेममध्ये एका फ्रेंच बाईचं चित्र आहे. पुस्तकाच्या पानाएवढंच. उंच, सडपातळ बाई, डोक्याला फेट्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं, त्यात तुरा, अंगात पायघोळ झगा. खाली फ्रेंचमध्ये एक ओळ आणि १९१३ हा आकडा. रंग इतके दाट आहेत की ते हाताने रंगवलेलं असावं असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, मासिकाचं पान आहे, छापलेलंच असणार. कोण बरोबर? आणि तेव्हा कॅमेरे होते ना, मग फॅशनच्या मासिकात बायका काढून का दाखवत? फ्रेंच बाईच्या डोक्यावर आपल्यासारखा फेटा कुठून आला, तेही सांगा.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पत्रातलं वर्णन पाहता तुम्ही दोघंही बरोबर असाल. ते मासिकाचं पान असावं आणि त्यावरचा रंग माणसाच्या हाताने लागलेला असावा. मासिकाच्या प्रत्येक प्रतीतलं चित्र हाताने रंगवायचं, हे आज कुणाला परवडणार नाही. पण पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे पॅरिसमध्ये हे काम रोजचं होतं, त्यासाठी वेगळे कारखाने होते. त्या पद्धतीला पोश्वार म्हणत.

चित्रकार जलरंगात किंवा गुआशमध्ये, म्हणजे पोस्टर कलरच्या जातीच्या दाट रंगात, मूळ चित्र काढून द्यायचा. त्यातली काळी रेषा तेवढी यंत्रावर छापून घेत. मग मूळ चित्र पत्रा कापणाऱ्या कारागिरापुढे जायचं. त्याला हातात सुरी घेण्याआधी बराच वेळ नुसतं बघावं लागे. झग्यातला निळा एकच आहे की दोन निळे एकमेकांवर चढलेत? गालावरची लाली त्वचेच्या रंगाआधी लावायची की नंतर? जितके रंग, तितके पत्रे. जस्ताचा, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा घ्यायचा, त्या रंगाच्या जागा सुरीने कापून काढायच्या आणि तो छापलेल्या रेषेवर बरोबर बसवायचा. आपल्याकडे रांगोळीचा छाप जमिनीवर ठेवून त्यातून रंग सोडतात, तत्त्व तेच. फरक इतकाच की इथे आखूड केसांचा, टोकाशी सपाट कापलेला गोल कुंचला रंगात बुडवून, जादा रंग टिपून, पत्र्यावरून हलक्या हाताने फिरवायचा. एक रंग वाळला की दुसरा पत्रा. साध्या चित्राला थोडे पत्रे पुरत. भारी चित्राला वीस-तीस लागत, कधी त्याहून जास्त.

हिशेब करून बघा. समजा चित्राला वीस पत्रे आहेत आणि हजार प्रती काढायच्या आहेत. म्हणजे एकाच चित्रासाठी वीस हजार वेळा पत्रा ठेवायचा, रंग फिरवायचा, पत्रा उचलायचा. उचलताना पत्रा सरकला की कागद वाया. हे काम ओळीने टेबलांशी बसलेली माणसं करायची आणि रंग भरणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असत. चित्राच्या कोपऱ्यात सही चित्रकाराची. खालच्या ओळीत नाव असलंच तर शिवणाऱ्या पेढीचं. फार तर कारखान्याच्या मालकाचं नाव पुस्तकाच्या शेवटी कुठेतरी येई. या कलेतला सर्वांत मोठा उस्ताद झाँ सोदे याने १९२५ मध्ये पोश्वारवर एक मोठा ग्रंथ काढला, म्हणून त्याचं नाव तरी आपल्याला माहीत आहे. ज्यांच्या मनगटातून तो निळा, तो केशरी कागदावर उतरला त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. तुमच्या भिंतीवरच्या चित्रात अशा अनेक हातांची मेहनत आहे. ते चित्र एकट्या चित्रकाराचं आहे, असं मी कधीच म्हणणार नाही.

आता कॅमेऱ्याचं. फ्रान्समध्ये त्या वेळी फोटो भरपूर छापले जात होते. ‘ले मोद’ नावाचं मासिक १९०१ पासून नट्यांना आणि घरंदाज बायकांना उंची पोशाखात उभं करून त्यांचे फोटो छापत होतं. पण छपाईत फोटो यायचा करडा, बारीक ठिपक्यांत विरघळलेला. रंगीत फोटोची काच १९०७ मध्ये विकायला आली, तरी मासिकात रंगीत फोटो नेमाने छापण्याइतकी सोय व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. आणि पोशाखाची निम्मी किंमत तर रंगात. जांभळ्या झग्यावर हिरवी शाल घेतलेली बाई करड्या फोटोत दाखवून कोणता शिंपी समाधानी होईल?

तरी रंगाचं कारण पुरेसं नाही. कारण हाताने रंगवलेली फॅशनची चित्रं त्याआधीही होती. एकोणिसाव्या शतकात आनाईस तुदूझ आणि तिच्या बहिणींसारख्या चित्रकर्तींनी अशी चित्रं मोठ्या संख्येने काढली. कौशल्याची कामं ती, झालर न् झालर मोजून घ्यावी. पण त्यांतल्या बायका बहुधा दिवाणखान्यात नाहीतर बागेत दोन-दोन उभ्या असायच्या, पोशाख नीट दिसावा म्हणून अंग वळवून. १९०८ नंतर जे बदललं ते या चित्रांत बदललं, आणि बदल घडवणारा माणूस चित्रकार नव्हता. तो शिंपी होता.

पॉल प्वारे त्याचं नाव. दुसे आणि वर्थ या दोन नामांकित पेढ्यांत काम शिकून त्याने १९०३ मध्ये स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हाच्या बाईचं अंग कॉर्सेटने असं आवळलेलं असे की छाती पुढे, कंबर मुठीत मावेल एवढी आणि मागचा भाग मागे काढलेला. १९०६ च्या सुमारास प्वारेने ते आवळणं सोडून दिलं आणि छातीखालून सरळ पायापर्यंत येणारा झगा शिवला. आता अशा सरळ झग्याचं चित्र कसं काढायचं? जुन्या धर्तीच्या चित्रात मजा होती ती चुण्यांत, झालरींत, सावल्यांत. इथे सावलीला जागाच नव्हती. होती ती एक लांब रेषा आणि तिच्या आत सपाट, भरगच्च रंग.

प्वारेने पॉल इरीब या पंचविशीतल्या व्यंगचित्रकाराला बोलावलं. १९०८ मध्ये त्या दोघांनी दहा चित्रांचा एक अल्बम काढला, अवघ्या २५० प्रती. पोश्वार इथे खऱ्या अर्थाने कामी आलं. पत्र्यातून रंग लावला की तो सपाट बसतो, कडा धारदार येते. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांनी पॅरिसच्या चित्रकारांना तोपर्यंत सपाट रंगाची गोडी लावलीच होती. इरीबने आणखी एक युक्ती केली. खुर्ची, कपाट, भिंतीवरची तसबीर हे सगळं त्याने जवळजवळ बिनरंगी ठेवलं आणि रंग फक्त पोशाखाला दिला. बाया उभ्या कशा, तर कुणी चक्क पाठमोरी. गिऱ्हाइकाला पोशाख दाखवायचा म्हणून चित्र काढायचं आणि त्यात बाई पाठ करून उभी! पण झगा खांद्यावरून खाली कसा पडतो ते पाठीवर जितकं कळतं तितकं समोरून कळत नाही. तो अल्बम प्वारेने युरोपातल्या राजघराण्यांतल्या बायकांना भेट म्हणून पाठवला. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्राकडून मात्र तो परत आला, पुन्हा असलं काही पाठवू नये या निरोपासह. ही हकिकत प्वारेनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

१९११ मध्ये दुसरा अल्बम निघाला तो जॉर्ज लपाप या तरुण चित्रकाराचा, हजार प्रतींचा. त्याच्या शेवटच्या चित्रात बायका विजारी घालून आहेत. ती उद्याची फॅशन, असं लपापला सुचवायचं होतं, आणि त्याचं म्हणणं खरं व्हायला बराच काळ जावा लागला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅमेरा आणि कुंचला अक्षरशः शेजारी येऊन बसले. ‘आर ए देकोरास्यों’ या मासिकात प्वारेच्या पोशाखांवर लेख आला. त्यासोबत एडवर्ड स्टायकेनने काढलेले फोटो होते आणि लपापची चित्रंही. आधुनिक फॅशन छायाचित्रणाची सुरुवात पुष्कळजण त्या फोटोंपासून धरतात. स्टायकेनचा प्रकाश धूसर, मऊ. कापडाचं वजन, खोलीतली हवा त्यात आहे. लपापच्या चित्रात वजन नाही, पण बाईच्या मनात काय चाललंय ते आहे. मला विचाराल तर त्या काळी चित्राची सरशी झाली ती याच जागी. कापड कुठलं, शिवण कुठे हे फोटो चांगलं सांगत होता. पण कॉर्सेट काढून टाकलेल्या बाईने उभं कसं राहायचं, मान कशी टाकायची, एकटीने नाटकाला जाऊन कसं बसायचं, हे तेव्हा खुद्द बायकांनाही नवीन होतं. ते आधी कुणीतरी कल्पून कागदावर मांडावं लागलं.

तुमचं पान ज्यातलं असण्याचा संभव सर्वांत जास्त, ते मासिक म्हणजे ‘गाझेत द्यू बों तों’. ल्युसियाँ व्होगेल या तरुण संपादकाने ते नोव्हेंबर १९१२ मध्ये सुरू केलं. वर्षाची वर्गणी शंभर फ्रँक, म्हणजे ते सामान्य घरातल्या बाईसाठी नव्हतंच. जाड, सुरेख कागद, खास निवडलेला टाइप आणि प्रत्येक अंकात दहा पोश्वार चित्रं. वर्थ, दुसे, पाकँ, प्वारे, शेर्वी, रेडफर्न अशा सात मोठ्या पेढ्यांशी व्होगेलने करार केला होता. दहांपैकी सात चित्रं या पेढ्यांच्या पोशाखांची. उरलेली तीन मात्र चित्रकारांनी स्वतःच्या मनाने रचलेल्या पोशाखांची असत. ते पोशाख कुणी शिवलेलेच नव्हते. कॅमेरे का नाही वापरले, याला यापेक्षा सरळ उत्तर दुसरं नाही. जे अजून शिवलंच नाही त्याचा फोटो कसा काढणार?

तुमच्या चित्राखालच्या ओळीत मोठ्या अक्षरांत काही वाक्य असेल आणि त्याखाली पोशाखाचा प्रकार व पेढीचं नाव असेल, तर तो या मासिकाचा ठरलेला रिवाज. मोठी ओळ पोशाखाबद्दल नसते, ती प्रसंगाबद्दल असते. लपापच्या एका प्रसिद्ध चित्रात प्वारेचा नाटकाला घालायचा कोट आहे आणि खालच्या ओळीत ती बाई विचारते, मी लवकर तर नाही ना आले? बस, एवढंच. पण त्या ओळीने कोट बाजूला राहतो आणि आपण त्या बाईच्या संध्याकाळीत शिरतो. आंद्रे मार्ती, शार्ल मार्तां, पिएर ब्रिसो हे सगळे असेच एका वाक्याची गोष्ट सांगण्यात तरबेज. त्यांतले बरेच एकाच वर्गात चित्रकला शिकलेले, एकमेकांचे मित्र. बायकाही या कामात होत्या. व्हालेंतिन ग्रॉस ‘गाझेत’साठी चित्रं काढायची आणि डेन्मार्कहून आलेली गेर्डा वेगेनर दुसऱ्या एका तशाच देखण्या मासिकासाठी.

या सर्वांत मला नांतचा जॉर्ज बार्बिए सर्वांत वरचा वाटतो. त्याने ग्रीक मातीची भांडी आणि पर्शियन लघुचित्रं मन लावून बघितली होती आणि त्याची रेषा कुठेही अडखळत नाही. काळा रंग वापरावा तर त्याने. रात्रीच्या आकाशाचा एवढा मोठा काळा पट्टा तो बाईच्या पाठीशी निःशंकपणे सोडतो आणि तिच्या झग्यातला केशरी पेटून उठतो. पण एक गोष्ट याच चित्रांपुढे उभं राहून म्हणायला हवी. यांतल्या बायका कधी काम करत नाहीत. त्या वाट बघतात, फूल हुंगतात, कुत्र्याशी खेळतात. ज्या बायका टेबलाशी बसून त्यांना रंग देत होत्या त्यांच्यासारखी एकही त्या चित्रांत सापडायची नाही.

आता फेटा. त्याचं एक मूळ थेट आपल्या देशाकडे येतं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्टमध्ये, हिंदुस्थानातल्या पगड्या-फेट्यांचा संग्रह होता. प्वारे तो बघून हरखून गेला. अधिकाऱ्यांची परवानगी काढून त्याने पॅरिसहून आपल्या कारखान्यातली एक मुख्य कारागीर बोलावून घेतली, आणि तिने तिथेच मुक्काम ठोकून एकेका पगडीचा नमुना उतरवून घेतला. काही आठवड्यांत ते फेटे पॅरिसमध्ये दिसू लागले, असं तो लिहितो. म्हणजे आपल्याकडे कुणाच्या तरी हाताने बांधलेली पगडी आधी लंडनच्या काचेच्या कपाटात गेली, तिथून पॅरिसच्या बाईच्या डोक्यावर आणि मग कागदावर.

दुसरं मूळ रंगमंचावर. दियाघिलेवची रशियन नृत्यमंडळी १९०९ मध्ये पॅरिसला आली आणि १९१० मध्ये तिने ‘शेहेराझाद’ हे नृत्यनाट्य केलं. लेऑन बाक्स्तने रंगवलेले ते पडदे, त्या सैल विजारी, ते मोतीजडित फेटे बघून पॅरिस खुळं झालं. १९१२ मध्ये तर हिंदुस्थानातच घडणारं, निळ्या देवाचं एक नृत्यनाट्यही त्यांनी केलं. निळा देव अर्थातच मंडळीतला प्रसिद्ध नर्तक निजिन्स्की. आपलं नाव बाक्स्तच्या आधीच झालेलं होतं, हे प्वारे आवर्जून सांगत असे. पण वाऱ्याची दिशा त्याला बरोबर कळली होती. २४ जून १९११ च्या रात्री त्याने अरबी कथांच्या थाटाची एक जंगी मेजवानी दिली. तीनशे पाहुणे, सगळ्यांनी पौर्वात्य वेशातच यायचं, आणि यजमान स्वतः सुलतान.

या चित्रांतला पूर्व म्हणजे इराण, तुर्कस्तान, हिंदुस्थान आणि थोडा चीन यांचं मिश्रण. ते बहुतेकांनी संग्रहालयांत आणि नाटकात पाहिलेलं. कोल्हापुरी फेटा आणि पुणेरी पगडी यांतला भेद आपल्याला डोळे मिटून सांगता येतो, त्यांना तो माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यावासा वाटलाही नाही. तेव्हा तुमच्या चित्रातल्या फेट्याला आपल्याकडच्या कुठल्या फेट्याचं नाव देऊ नका. त्याचं मूळ मात्र आपल्याकडे आहे, हे खुशाल सांगा.

याच कंपूतला एक चित्रकार मराठी दरबारापर्यंत पोचला, हे तुम्हाला कोल्हापुरात वाचायला आवडेल. बेर्नार बुते द मोंव्हेल हा ‘गाझेत’च्या पहिल्या फळीतला. पुढे व्यक्तिचित्रांसाठी त्याचं नाव झालं. १९२९ मध्ये त्याने इंदूरच्या यशवंतराव होळकरांना काळ्या विलायती पोशाखात, खांद्यावर केप घेतलेलं रंगवलं. पुढे १९३३-३४ च्या सुमारास त्यांना त्याने मराठा पोशाखातही रंगवलं. महाराणी संयोगिताराजे यांचीही चित्रं त्याने केली. त्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या, म्हणजे तुमच्या शेजारच्याच. मराठा वेशातलं यशवंतरावांचं चित्र आवर्जून बघा. पांढरा पोशाख जवळजवळ सावलीशिवाय, एका सलग रेषेत धरलेला आहे. वीस वर्षांपूर्वी कुणा फ्रेंच बाईचा कोट काढताना बसलेला हात त्या मराठी अंगरख्यावर चाललेला दिसतो. याच जोडप्याचे फोटो मान रे या छायाचित्रकारानेही काढले आहेत. दोन्ही बघितले तर तुमच्या कॅमेऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर नजरेनेच मिळेल.

‘गाझेत’ महायुद्धात १९१५ मध्ये थांबलं, १९२० मध्ये परत सुरू झालं आणि १९२५ मध्ये ‘व्होग’मध्ये विलीन झालं. हाताने रंगवायचा खर्च पेलेना, आणि वाचकांची नजर फोटोला सरावली होती. व्होगेलने १९२८ मध्ये ‘व्ह्यू’ हे साप्ताहिक काढलं ते तर पूर्ण फोटोंचंच. प्वारेची पेढी १९२९ मध्ये बंद झाली. बाईचा झगा तोवर गुडघ्यापर्यंत आला होता.

शेवटी तुमच्या चित्राची परीक्षा. शक्य असेल तर फ्रेममधून काढून ते उजेडात आडवं धरा आणि घड्याळजीचं भिंग लावा. रंगात बारीक, एकसारखे ठिपके दिसले तर ती अलीकडची छपाई आहे. अशा चित्रांच्या नकला पुढे पुष्कळ निघाल्या. ठिपके नसतील, रंगाच्या कडेला किंचित उंचवटा असेल, सपाट भागात कुंचल्याचे वळसे दिसत असतील आणि एखाद्या जागी रंग काळ्या रेषेच्या केसभर बाहेर गेला असेल, तर ते पोश्वार आहे. रेषेबाहेर गेलेला तो केसभर रंग दोष समजू नका. तिथे त्या दिवशी पत्रा जरासा हलला होता. पानाच्या कडेला अंकाचं वर्ष आणि चित्राचा क्रमांक बारीक टाइपात असतो. फ्रेम करणाऱ्याने तो कडेच्या पट्टीखाली झाकला असेल तर पट्टी सैल करून बघा.

गुआशला पाणी सोसत नाही, म्हणून ओला फडका त्यावर कधीही फिरवू नका, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टांगू नका. चित्र काचेला चिकटून असेल तर मध्ये जाड, आम्लरहित कागदाची चौकट घालून घ्या, नाहीतर एखाद्या दमट वर्षी रंग काचेवर उतरेल. आणि ऊन थेट पडणारी जागा टाळा.